पाणी वाढलं

या, सरकून जवळ बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे यावं, म्हणजे डुलकीची भीती कमी होते. एका काकूंची, त्यांच्या चाकांवरच्या घराची आणि एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे. शब्द लहानसाच, पण त्यापायी एका माणसाचा श्वास अडायची वेळ आली होती.

काकूंच्या तोंडात 'संपलं' हा शब्दच नव्हता. पिठाचा डबा रिकामा झाला की पीठ वाढलं. दिवा मालवायचा तर तो वाढवायचा. बांगडी फुटली तरी वाढलीच. आईनं तसं वळण लावलं होतं, आणि काकांच्या छातीचं दुखणं सुरू झाल्यापासून काकू त्या बाबतीत फारच कडक झाल्या होत्या. त्यांच्याकडे घड्याळसुद्धा बंद पडत नसे, विसावा घेई.

डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली म्हणून दोघांनी आठ दिवसांसाठी घरगाडी भाड्यानं घेतली. देताना मेस्त्रीनं सगळं समजावलं. बाकाखाली चांगल्या पाण्याची टाकी, मागे सांडपाण्याची. नळ सोडला की पंप आपोआप चालतो. बॅटऱ्या दोन, एक इंजिनाची आणि एक घराची. दिवे, पंप आणि काकांचं वाफेचं मशीन घरच्या बॅटरीवर. दाराजवळ चार हिरवे दिवे, बॅटरीत किती जीव आहे ते दाखवणारे. काकूंनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि शेवटी 'अडल्यास मेस्त्री' असं लिहून खाली नंबर घातला.

काका गाडी हाकत एका तळ्याकाठी घेऊन आले. जवळचं गाव तासाभरावर. तिसऱ्या दिवशी सकाळी नळातून नुसती हवा आली. काका बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. काकूंनी फोन लावला.

"मेस्त्री, टाकीतलं पाणी वाढलंय."

"वाढलंय? पाऊस झाला का तिकडे?"

"पावसाचा काय संबंध? दोन माणसांच्या आंघोळी, शिवाय भांडी. वाढणारच की."

मेस्त्री विचारात पडला. आंघोळ केली की पाणी वाढतं, म्हणजे सांडपाणी उलटं चांगल्या टाकीत शिरत असणार, असं त्यानं ठरवलं. "काकू, ते पाणी तोंडात घालू नका. नळ पूर्ण सोडून ठेवा. पंप सगळं उपसून काढेल."

"पण काहीच येत नाहीये."

"येईल. पंप मात्र बंद करू नका."

पिण्यापुरतं पाणी बाटल्यांत होतं, तेव्हा काकूंनी नळ सोडून ठेवला. कोरडा पंप एका सुरात गुणगुणायला लागला. सूर नेमका पेटीच्या काळी चारचा निघाला. एवढा आयता सूर देवानं दिलाय तर वाया कशाला घालवा, म्हणून काकूंनी भाजी निवडता निवडता भजन धरलं. कीर्तनात मागे उभं राहून साथ करायची त्यांना लहानपणापासून हौस. सहा तास पंपानं सूर सोडला नाही आणि काकूंनीही नाही.

तीनच्या सुमारास सूर उतरू लागला. काळी चारवरून पांढरी पाच, तिथून काळी तीन. काकूंनीही आवाज खाली आणला. काळी एकला त्यांचं भजन पुरुषी वाटू लागलं, आणि मग सूरच गेला. दाराजवळचे चारही दिवे गेले.

काका धापा टाकत आत आले. चार वाजता वाफ घ्यायची होती. गेल्या महिन्यात एकदा चुकली तेव्हा चार दिवस दवाखान्यात काढावे लागले होते. काकूंनी मशीनचं बटण दाबलं. मशीन गप्प.

"मेस्त्री, बॅटरी वाढली."

"उत्तम. मग काळजी मिटली."

"मिटली कसली? दिवे वाढलेत."

"दिवे? किती वाढलेत?"

"चारही."

"म्हणजे आठ झाले?"

काका पलंगावर बसले होते. एका शब्दाला एक श्वास, असं बोलत होते. "अगं... सरळ सांग ना... संपली म्हणून."

काकूंनी फोनवर हात धरला. "तुमच्यासमोर? हे असे बसलेले असताना? मी नाही सांगायची."

"मग मी... सांगतो."

"तुम्ही तर मुळीच नाही."

मेस्त्री पलीकडून विचारत होता, "काकू, मेली तर नाही ना बॅटरी?" काकूंनी डोळे मिटून घेतले. "मेस्त्री, तोंड आवरा. वाढली म्हणते मी, वाढली."

इतक्यात फोनवर दुसराच आवाज आला. मेस्त्री त्या दिवशी उशिरानं जेवायला घरी गेला होता आणि त्याची आई ताट वाढता वाढता सगळं ऐकत होती.

"बाई, डब्यातले तांदूळ वाढतात, तशी वाढली का?"

"हो, अगदी तशीच."

"आणि सकाळचं पाणी?"

"तेही तसंच."

म्हातारी मुलाकडे वळली. "पाणीही नाही नि बॅटरीही नाही. कोरडा पंप चालवलास दिवसभर. आजी तुझी जन्मभर असंच बोलायची, तेव्हा कान कुठे ठेवले होतेस?"

मग मेस्त्री आईला सांगे, आई काकूंना. पंपाला विश्रांती द्या. नळ मिटा. चालकाच्या खुर्चीखाली लाल बटण आहे, दोन्ही बॅटऱ्या जोडणारं, ते दाबून धरा आणि किल्ली फिरवा. काकूंनी आयुष्यात गाडीची किल्ली फिरवली नव्हती. पहिल्या खेपेला इंजिन खोकलं. दुसऱ्या खेपेला लागलं. दाराजवळचा एक दिवा उजळला.

चार वाजून सात मिनिटांनी मशीननं वाफ सोडली. काकांनी मुखवटा तोंडाला लावला. काकू समोर बसून त्यांच्या छातीकडे बघत राहिल्या. अर्ध्या तासानं काकांनी मुखवटा काढला आणि एका दमात म्हणाले, "चहा वाढलाय का गं?"

"नाही," काकू म्हणाल्या, "आहे अजून."

मेस्त्रीच्या आईचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं. तेव्हा आज घरी जाऊन दिवा वाढवाल, तेव्हा बोलण्यामागचं मन ऐकणाऱ्या त्या माउलीची घटकाभर आठवण काढा. नाव देवाला ठाऊक आहे.