आस्ताच्या आणि युटेच्या फुल्या

मी टेबलक्लॉथ बोलतोय. जाड पांढऱ्या लिननचा, फ्यून बेटावरच्या एका खेड्यात भरला गेलेला. आमच्या गावात कुणी मला बघायला आलं की माझी कड धरतात आणि फटकन उलटा करतात. पुढून काय, कुणालाही भरता येतं. मागे गाठी आणि लोंबते दोरे दिसले की त्या बाईची अब्रू गेलीच, असा त्यांचा हिशोब. मला सवय झालीय. पण चारचौघांत असं कुणाला उलटं करावं का, तुम्हीच सांगा!

मला भरायला घेतलं आस्तानं. गावच्या भरतकाम मंडळातली सगळ्यांत कडक बाई ती. तिची नात लोने पुढच्या वसंतात, आमच्याकडची मुलं चौदा-पंधराव्या वर्षी घेतात तशी, चर्चमध्ये दीक्षा घेणार होती. त्या दिवशी घरी सगळ्या नातलगांना मोठं जेवण असतं, आणि त्या टेबलावर मी असणार होतो. माझ्यावर रानातली वसंतफुलं हवीत, असं आस्तानं ठरवलं. बीच वृक्षांना पानं फुटायच्या आत त्यांच्याखाली उमलणाऱ्या पांढऱ्या अॅनिमोनी, कुरणातली मान खाली घातलेली पिवळी फुलं, बांधावरची जांभळी. एकेक काडी आणून ती अंड्याच्या कपात खिडकीशी ठेवायची आणि चौकटीच्या कागदावर उतरवायची. माझ्यावर मात्र पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नाही. लिननचे दोन धागे मोजायचे, फुली घालायची, पुन्हा दोन मोजायचे. तिच्या प्रत्येक फुलीचा वरचा टाका उजवीकडे झुकलेला. एक चुकून डावीकडे गेला, तर जेवण बाजूला ठेवून उसवायची.

माझी डावी बाजू पुरी झाली आणि फेब्रुवारीत आस्ता पायरीवरच्या बर्फावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. माझी उजवी बाजू कोरीच.

आस्ताची सून युटे कोपनहेगनची, डेअरीच्या ऑफिसात टायपिंग करणारी. सुई सोडाच, माझी घडीसुद्धा आस्ता तिला घालू देत नसे. लोने एवढी मोठी झाली तरी युटे त्या घरात पाहुणीच होती. ते तिला फार लागायचं.

"आई, उरलेलं मी भरते," ती एका संध्याकाळी म्हणाली.

"तू? नवऱ्याच्या कोटाचं बटण लावायला शिंप्याकडे जातेस ती?"

"तुम्ही सांगा, मी करते. लोनेच्या टेबलावर दुकानातलं काहीतरी अंथरलेलं मला चालणार नाही."

आस्तानं टेबलापलीकडची खुर्ची दाखवली. मग म्हणाली, "बस. समोर बस."

तिथेच घोटाळा झाला. शेजारी बसवून घेतलं असतं तर तिचं काय बिघडलं असतं? पण नाही. आस्ता शेगडीपाशी, प्लास्टरचा हात उशीवर. युटे टेबलाच्या पलीकडे. आस्ता डाव्या हातानं हवेत टाका काढून दाखवायची, "असा, आणि त्याच्यावर असा." युटे समोरून जसा दिसला तसा घालायची. आस्ताचा उजवा तो युटेचा डावा. तिच्या साऱ्या फुल्या डावीकडे झुकल्या.

आणि तपासणी कशी व्हायची? अर्थातच मला उलटा करून. मागून पाहिलं तर नुसत्या उभ्या सरळ रेघा दिसतात, फुली कुठे झुकलीय ते कळत नाही. भरलेली बाजू मळू नये म्हणून उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली, त्यामुळे दोन्ही बाजू कधी शेजारी आल्याच नाहीत. आस्ता चष्मा लावायची, गाठ शोधायची, सापडायची नाही. "ठीक आहे," म्हणायची. तेवढ्यावर युटेचा चेहरा फुलायचा. मला सगळं कळत होतं, पण मला विचारतो कोण?

दीक्षेच्या आदल्या दिवशी इस्त्री करून मला टेबलावर पसरलं. खिडकीतून तिरपं ऊन आलं. अर्धी फुलं रेशमासारखी चमकली, अर्धी मंद राहिली. आस्तानं वाकून पाहिलं.

"उलट्या. सगळ्याच्या सगळ्या उलट्या."

युटेला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती खुर्चीत बसली. "उसवू?"

"आता? उद्या पाहुणे यायचेत." आस्तानं कपाटातून जुना साधा टेबलक्लॉथ काढला. तेवढ्यात लोने आत आली, माझ्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, हाच राहू दे. आईनं भरलाय."

मी राहिलो. आस्तानं जुना टेबलक्लॉथ परत कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सूप झालं, भाजलेलं मांस झालं, केकबरोबर कॉफी आली. मंडळातली गुद्रुन माझ्यावर नाक टेकवून बसली होती. "आस्ता, ही इकडची बाजू कुणाची गं? शाळेतल्या पोरीनं भरली वाटतं!"

"माझी," युटे म्हणाली. कानापर्यंत लाल झाली होती. तिनं सासूकडे पाहिलं.

"कॉफी गार होतेय, गुद्रुन," आस्ता म्हणाली. बस, एवढंच. युटे भांडी घेऊन उठली आणि नळ सोडून रडली. मला आस्ताचा असा राग आला, की काय सांगू!

माझ्यावरचे कॉफीचे डाग धुवून मला कपाटात टाकलं. प्लास्टर निघालं, पण आस्ताचं मनगट आखडलेलंच राहिलं. थंडीत तिनं माझ्या जोडीचे, जेवताना मांडीवर घ्यायचे रुमाल भरायला घेतले. बोटं चालत नव्हती. टाका घालायची, चिडायची, उसवायची, स्वतःलाच शिव्या द्यायची. मला वाटलं, म्हातारीचं कसब गेलं.

नाताळात तिनं ते रुमाल युटेपुढे सरकवले. युटेनं एक खिडकीपाशी नेला, पाहिला आणि घाबरली.

"आई, रागावू नका... या उलट्या पडल्यात."

"पडल्या नाहीत, पाडल्यात. चाळीस वर्षांचा हात वळवताना नाकी नऊ आले माझ्या." आस्ता चष्मा पुसत राहिली. "तू भरलेल्या बाजूला बसतील त्यांना काय परक्या घरचे रुमाल द्यायचे? सरक जरा. शेजारी बसते."

त्या दोघी आता नाहीत. मी लोनेकडे, ओडेन्सच्या फ्लॅटमध्ये असतो. तिचं टेबल लहान, मी दोन्हीकडून जमिनीवर लोळतो. परवा तिच्या जावयानं मला न्याहाळलं. चांगला मुलगा आहे, डोळाही तयार आहे. म्हणाला, "बरोबर मधून कापला तर दोन छान टेबलक्लॉथ होतील. चूक कुठे दिसणारसुद्धा नाही."

खरं आहे. डावा तुकडा बिनचूक, उजवाही बिनचूक. लोने कात्री हातात घेऊन विचार करत बसलीय. लोने, बाई, मला जमिनीवर लोळू दे, तुझ्या कुत्र्याला माझ्यावर झोपू दे, पण तेवढं करू नकोस. त्या दोघींना एका टेबलावर यायला फार वेळ लागला होता.