न मोडणारा अँटेना

आमच्या धंद्यात भांडण झालं की माणसाला हात लावायचा नाही, अँटेना मोडायचा, असा रिवाज होता. तो कुणी लिहून ठेवला नव्हता. लिहून ठेवण्याइतकी अक्कल असलेली माणसं या धंद्यात येतच नाहीत. हमरस्त्यावर आपटलेल्या, उलटलेल्या, बंद पडलेल्या गाड्या क्रेननं ओढून आणायच्या, हा आमचा धंदा. जो आधी पोचेल त्याची गाडी. आधी पोचायचं तर आधी कळायला हवं, आणि ते कळतं सीबीवर, म्हणजे ट्रकवाल्यांच्या वायरलेसवर. त्याच्या एकाच चॅनेलवर सगळे बोलतात आणि सगळ्यांना सगळं ऐकू येतं. "वळणावर टँकर आडवा झालाय" असं कुणी म्हटलं की पुलाच्या अलीकडून आमची क्रेन सुटायची आणि पलीकडून भोपळ्याची.

आमच्या दोन क्रेन. एक दादा चालवायचा, एक धाकटा. मी मधली. क्रेनमधल्या छोट्या वायरलेसला लांबचं ऐकू यायचं नाही, म्हणून पत्र्याच्या ऑफिसात मोठ्या वायरलेसला कान लावून बसायचं आणि कुठे काय झालंय ते भावांना कळवायचं, हे माझं काम. चॅनेलवर मी 'बेस'. दोघांना त्याची इतकी सवय झाली होती की घरी चहा पितानासुद्धा धाकट्याच्या तोंडून निघून जायचं, "बेस, साखर कमी आहे."

भोपळ्या हा पलीकडच्या यार्डाचा मालक. टक्कल आणि गरगरीत डोकं, म्हणून भोपळ्या. तोंडावर मात्र सगळे त्याला भाऊ म्हणत. आम्ही त्याच्या हातची गाडी पळवली की त्याची माणसं दिवसाढवळ्या भिंतीवरून आमच्या छपरावर चढायची, अँटेना मोडायची आणि निघून जायची. त्यांनी आमची पळवली की आमचा धाकटा जाऊन त्यांचा मोडून यायचा. अँटेना मोडला की त्या बाजूचे कान गेले. नवा बसेपर्यंत सगळ्या गाड्या समोरच्याला. तेवढ्यानं राग निवायचा, आणि मग तीच माणसं पुलावर एकमेकांकडे काडेपेटी मागायची. मला हा सगळा प्रकार पोरकट वाटायचा. पण त्यात कुणाचं नाकसुद्धा फुटत नव्हतं.

दादाला ते सहन होईना. एकाच उन्हाळ्यात पुन्हा अँटेना मोडला तेव्हा त्यानं डोक्यात राख घालून घेतली आणि मला घेऊन दुकान गाठलं.

दुकानदार मऊ बोलणारा होता. त्यानं आधी फायबरचा पांढरा, लांबलचक अँटेना पुढे केला. "हा घ्या. पार घाटापलीकडचं ऐकाल."

"हाच होता," दादा म्हणाला. "एका फटक्यात चिरफळ्या."

"मग हा ॲल्युमिनियमचा. जाड नळी आहे. वादळात हलत नाही."

दादानं नळी गुडघ्यावर घेतली आणि जोर लावला. दुकानदार "अहो, अहो" करेपर्यंत ती वाकली होती.

"वादळ नाही हो," मी म्हटलं. "माणसं आहेत."

दुकानदारानं आम्हा दोघांकडे एकदा नीट पाहिलं आणि आतून एक स्टीलची काडी आणली. पुरुषभर उंचीहून लांब, करंगळीपेक्षा बारीक, बुडाशी मुठीएवढी स्प्रिंग, खाली चार दिशांना चार आडव्या दांड्या. "रानातून झाडं झोडपत जाणाऱ्या गाड्यांवर हा लावतात. थोडं कमी लांबचं ऐकू येईल. पण याला काय वाट्टेल ते करा." त्यानं काडीचं टोक धरून जमिनीपर्यंत वाकवलं आणि सोडून दिलं. काडी सणकन परत आली, वरची ट्यूबलाइट फुटली आणि काचा आमच्या डोक्यावर पडल्या. दादा केसांतल्या काचा झटकत हसत होता. इतका खूश मी त्याला बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"कमी ऐकू येणारा अँटेना काय चाटायचाय?" मी म्हटलं. "फायबरचाच घे. मोडला तर मोडला."

"मोडला तर मोडला म्हणायला तुझ्या बापाचं काय जातं?"

"आपला बाप एकच आहे, दादा."

त्यानं स्टीलचाच घेतला. त्यासाठी छपरालगत लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये रोवला, आणि कुणी कापू नये म्हणून केबल पाइपाच्या पोटातून भिंतीत आणि भिंतीतून थेट माझ्या टेबलापर्यंत आणली. काम झाल्यावर खाली उभा राहून तो वर बघत राहिला. मला त्याचं ते बघणं आवडलं नाही.

पुढच्याच आठवड्यात आम्ही भोपळ्याचा एक कंटेनर पळवला आणि त्याची माणसं आली. पुढे त्याचा मेव्हणा होता, हातात पहार. धाकटा खाली यार्डात हाताची घडी घालून उभा राहिला, कुणाला अडवलं नाही. मेव्हण्यानं पूर्ण ताकदीनं पहार मारली. काडी आडवी झाली आणि तशीच उलटी आली. ती त्याच्या तोंडावर कपाळापासून गालापर्यंत बसली. पहार हातातून सुटून पत्र्यावर पडली. धाकट्यानं टाळ्या वाजवल्या. मीही हसले, मग त्याच्या बोटांच्या फटींतून रक्त गळताना दिसलं आणि माझं हसू थांबलं.

दादानं मात्र संध्याकाळपर्यंत ती गोष्ट चॅनेलवर रंगवून रंगवून सांगितली. सगळा रस्ता हसला. मेव्हण्याचा डोळा गेलाय हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा हसणारे सगळे आपापल्या कामाला लागले होते.

त्यानंतर त्यांनी अँटेनाकडे पाहिलंही नाही. धाकटा एकटा एका उलटलेल्या टेम्पोला वायर बांधत असताना ते आले. चौघांनी त्याला खाली दाबलं, उजवा हात क्रेनची वायर ओढणाऱ्या विंचच्या ड्रमवर ठेवला आणि वायर गुंडाळायला लावली. कळ मेव्हण्यानं स्वतः दाबली, उरलेल्या डोळ्याला नीट दिसावं म्हणून जवळ वाकून. "अँटेना मोडत नाही ना तुमचा?" एवढंच तो म्हणाला. टेम्पोच्या ड्रायव्हरनं हे सगळं क्रेनच्या काचेमागून पाहिलं आणि पोलिसांना सांगितलं की त्याला चक्कर आली होती. डॉक्टरांनी तीन बोटं काढली. राहिलेली दोन हलतील की नाही ते सांगता येत नव्हतं.

दादा दवाखान्यातून थेट पेट्रोलपंपावर गेला. तिथे भोपळ्याची क्रेन हवा भरायला थांबली होती. तिच्या ड्रायव्हरला खाली ओढून त्यानं हातोड्यानं त्याचे दोन्ही गुडघे फोडले. तो ड्रायव्हर म्हणजे रोज सकाळी चॅनेलवर सगळ्यांत आधी नमस्कार करणारा माणूस. हात दाबायला तो नव्हताच. दादा घरी आला तेव्हा त्याच्या शर्टावर कुणाचं रक्त कुठलं, हे सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी भोपळ्या स्वतः चॅनेलवर आला. आवाज चढवला नाही. "दादा, आता तू," एवढंच म्हणाला.

मी घाबरले. दादासमोर बसून म्हटलं, "अँटेना उतरवू. साधा लावू. येऊ दे त्यांना, मोडू दे, मिटू दे."

"आणि धाकट्याची बोटं?"

"बोटं परत येणार आहेत का?"

"आता उतरवला तर ती फुकट गेली," दादा म्हणाला.

मला त्याचा इतका राग आला की ताट उचलून भिंतीवर मारावंसं वाटलं. धाकट्याच्या बोटांची किंमत तो स्वतःच्या मानेनं भरायला निघाला होता, आणि वर शहाणपण मला शिकवत होता.

सकाळी तो धाकट्याचे कपडे घेऊन क्रेननं दवाखान्यात निघाला. "तिथून हलू नकोस," मी म्हटलं. "बरं, बेस," तो म्हणाला आणि गेला. क्रेन वळणाआड गेल्यावर मी शेडमधून लोखंड कापायचा ग्राइंडर काढला, लांब वायर जोडली आणि छपरावर चढले. स्प्रिंगच्या वर पातं टेकवलं. ठिणग्या माझ्या हातांवर उडत होत्या, साडीला भोकं पडत होती, आणि मी तोंडानं दादाला, भोपळ्याला, मेव्हण्याला, दुकानदाराला, सगळ्यांना शिव्या घालत होते. काडी तुटली. ती खांद्यावर टाकून मी पूल ओलांडला.

भोपळ्याचं ऑफिस अगदी आमच्यासारखं. तसलाच पत्रा, तसलंच टेबल, तसलाच वायरलेसचा संच. तो एकटाच बसला होता. मी काडी त्याच्यापुढे टाकली.

"भाऊ, मोडला."

त्यानं कापलेलं टोक उचलून पाहिलं. "कुणी?"

"मी."

"तू मोडून काय उपयोग? आम्ही मोडायला हवा."

"मग तुम्ही मोडला म्हणून सांगा. चॅनेलवर सांगा. सगळ्या रस्त्याला हसू दे आम्हाला. मी एक अक्षर बोलणार नाही."

"मेव्हण्याचा डोळा गेला, पोरी."

"माझ्या भावाचा हात गेला. तुमच्या ड्रायव्हरचे पाय गेले. आणखी काय हवंय?"

भोपळ्यानं टकलावरून हात फिरवला. तो थकलेला दिसत होता, अगदी आमच्यासारखा. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात संचातून दादाचा आवाज आला.

"बेस, खाणीजवळ ट्रक उलटलाय म्हणतायत. दवाखान्याच्या वाटेवरच आहे, बघून येतो."

दादा तिकडून मला हाक मारत होता आणि माझा संच टेबलावर बहिरा पडला होता.

"बेस, ऐकतेस ना? इथे ट्रकबिक काही दिसत नाही." मग जरा थांबून, "बेस, हे लोक आलेत. मागे पण आहेत. बेस?"

मी भोपळ्याकडे पाहिलं. त्यानं माझी नजर टाळली. खाणीजवळ ट्रक उलटल्याचं कुणी सांगितलं असेल, ते मला विचारावं लागलं नाही. ती थाप चॅनेलवर पडली तेव्हा मी माझ्या टेबलाशी असते तर तो आवाज पहिल्या शब्दाला ओळखला असता.

"सांगा त्यांना," मी म्हटलं. "भाऊ, पाया पडते, सांगा."

त्यानं माइक उचलला, बटण दाबलं. "सोडा त्याला. अँटेना मोडला. ऐकलं का? मोडला त्यांचा अँटेना. मिटलं. सोडा."

बटण सोडलं. संच खरखरला. मग मेव्हण्याचा आवाज आला, दम लागलेला. आमच्या क्रेनच्या हॉर्नची वायर दादानं कधीच दुरुस्त केली नव्हती, तो मध्येच आपोआप वाजायचा, आणि मेव्हण्याच्या बोलण्यामागे तो वाजत होता. तो दादाच्याच माइकवरून बोलत होता.

"भाऊ, आता सांगताय होय?"

भोपळ्याच्या हातातून मी माइक हिसकावला आणि बटण दाबलं. "दादा," मी म्हटलं, "मी ऐकतेय. मी इथेच आहे. धाकट्याला बरं वाटलं की आपण धंदा बंद करू, क्रेन विकून टाकू, कुठेही जाऊ. चहात साखर कमी पडू देणार नाही. ऐक, दादा."

"बटण सोड," भोपळ्या हळूच म्हणाला. "दाबून धरलंस तर तिकडचं ऐकू कसं येणार?"

ते मला माहीत होतं. मी बोलत राहिले. तोंडाला येईल ते बोलत राहिले, अंगठा पांढरा पडेपर्यंत, आणि बटण सोडलं नाही.