पुटकुळी

बावीस वर्षं मी एका अवयवाला कानस मारत आले, आणि फिनिशिंगच्या कामात माझा हात धरणारं कोणी नाही, असं सगळे म्हणत. सगळ्यांत मीही आलेच.

आमच्या कारखान्यात शरीराची मॉडेलं बनतात. डोळा, कान, मूत्रपिंड, आडवं कापलेलं डोकं. कॉलेजांत काचेच्या कपाटात ठेवतात ती. रबरी साच्यात पातळ माल ओततात, तो घट्ट झाला की नग काढून माझ्या टेबलावर आणतात. साचा करताना रबरात हवेचा बुडबुडा राहिला, तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक नगावर त्याच जागी बारीक उंचवटा येतो. त्याला आम्ही पुटकुळी म्हणतो. पुटकुळी दिसली की कानस, मग पॉलिश पेपर, मग रंग, आणि शेवटी नंबरांचे गोल कागद चिकटवायचे. वस्तादांनी मला एवढंच शिकवलं आणि ते पुरलं. वस्ताद देवमाणूस होते. आता नाहीत.

स्त्रीच्या ओटीपोटाच्या मॉडेलवर एक पुटकुळी हमखास यायची. बाहेरच्या अंगाला, वर, दोन पाकळ्या जिथे मिळतात तिथे, मसुराच्या दाण्याएवढी. मी ती साफ करायची. नंबरांच्या कागदावर एक ते नऊ आकडे असायचे आणि चार नंबर चिकटवायला जागा सापडायची नाही. सुरुवातीला मी वस्तादांना विचारलं होतं. ते भलतीकडेच बघत म्हणाले, "चार नंबर लावायचा नाही. तो जुन्या मॉडेलचा आहे." मी लावला नाही. सोबत जाणारा छापील तक्ता मी कधी वाचला नाही. तो पॅकिंगवाल्यांचा प्रांत.

तुम्ही म्हणाल, बाई गं, तुला स्वतःला तो अवयव नव्हता का? होता की. पण अंगावर कुठे काय आहे हे आंघोळीपुरतं माहीत असणं वेगळं, आणि त्याला काही नाव आहे, काम आहे, हे माहीत असणं वेगळं. माझी सगळी ओळख आंघोळीपुरतीच होती.

हे एरवी कारखान्यातच राहिलं असतं, पण गेल्या महिन्यात माझी लेक माहेरी आली. सत्तावीस वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालेली, हातात मोठी बॅग. चार दिवस तिने ताकास तूर लागू दिली नाही. पाचव्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "आई, माझ्यात काहीतरी बिघाड आहे. मला काही वाटतच नाही."

जावई वाईट नाही. हात उगारणारा नाही, टाकून बोलणारा नाही. तिने वर्षभर खोटं खोटं सुख दाखवलं, मग एक दिवस तेही जमेना आणि त्याला कळलं. तो दुखावला. त्याला वाटलं, हिचं आपल्यावर मनच नाही. हिला वाटलं, आपलं अंगच मेलेलं आहे. मग एकमेकांना अडकवून ठेवू नये असं दोघांनी अगदी शहाण्यासारखं ठरवलं. शनिवारी तो आमच्याकडे येणार होता, वेगळं होण्याचं नक्की करायला.

आणि मी तिला काय म्हणाले? "होतं गं हळूहळू सगळं." माझी आई मला हेच म्हणाली होती. लेकीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा टॉवेल उचलला. त्या नजरेची मला लाज वाटली.

गुरुवारी कारखान्यात एक खोकं परत आलं. आत माझ्या हातचं ओटीपोटाचं मॉडेल आणि वर चिठ्ठी: नग सदोष आहे, एक भाग नाही. माझं डोकंच सटकलं. बावीस वर्षांत माझा नग परत आला नव्हता. खोक्यामागोमाग चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईही आल्या. सुईणींना शिकवणाऱ्या, साठीच्या, पायात कॅनव्हासचे बूट. मालक त्यांना घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"कोणता भाग नाही म्हणता?" माझा आवाज चढलेलाच होता.

"चार नंबर. शिश्निका."

मालकांना त्याच क्षणी कुठेतरी फोन करायचं आठवलं. ते गेले ते दुपारपर्यंत दिसले नाहीत.

बाईंनी साच्यातून नुकताच निघालेला कच्चा नग मागितला. मी दिला. त्यांनी वरच्या बाजूला बोट ठेवलं. "आणि हे काय मग?"

"ती पुटकुळी. साच्यातला दोष आहे तो. मी काढते ना ती."

बाई हसायला लागल्या, आणि मध्येच थांबून स्टुलावर बसल्या. "किती वर्षं काढताय?"

"बावीस."

"आणि एकाही कॉलेजातून कोणी विचारलं नाही?"

"नाही."

"मला त्याचंच जास्त वाईट वाटतं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या हातात तर तक्ता होता."

मला राग आला. आधी बाईंचा, मग वस्तादांचा. त्या माणसाला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तो भलतीकडे बघत होता. एक शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून त्याने मला तो भाग घासून टाकायला लावला, आणि मी त्याला देवमाणूस म्हणत राहिले.

"दिसतं ते नुसतं टोक आहे," बाई म्हणाल्या. "बाकीचं सगळं आत. माती आहे का?"

मी मातीचा गोळा दिला. बाईंना वळायला येईना, तेव्हा तो मीच हातात घेतला. त्या सांगत गेल्या, मी करत गेले. टोकामागे वाकलेला दांडा. त्याला दोन पाय, दोन्हीकडच्या हाडांना धरून मागे गेलेले. पायांच्या आतल्या बाजूला, योनिमार्गाच्या दोन्ही अंगांनी दोन फुगीर लोळ्या. इच्छा जागी झाली की या सगळ्यात रक्त भरतं, तो भाग फुगतो, असं बाई म्हणाल्या. पुरं झालं तेव्हा ते माझ्या तर्जनीहून लांब होतं. इतकं मोठं काहीतरी आपल्या पोटाखाली आहे आणि आपल्याला पत्ता नाही, याचं मला नवलच वाटलं.

"याचं काम काय?" मी विचारलं. आमच्याकडे प्रत्येक भागाला काम असतं. मूत्रपिंड गाळतं, फुप्फुस हवा घेतं.

"सुख," बाई म्हणाल्या.

"ते झालं. पण काम?"

"तेच काम. याचा लघवीशी संबंध नाही, बाळंतपणाशी नाही."

मी तक्ता उघडून तो शब्द वाचला. शिश्नावरून शिश्निका. म्हणजे इथेही आपण पुरुषांच्या नावाला 'इका' जोडून. "हे नाव कोणी ठेवलं?"

"तुम्हाला काय वाटतं?" बाई म्हणाल्या, आणि आम्ही दोघीही हसलो.

मग मातीकडेच बघत मी विचारलं, "एखादीला नवऱ्याबरोबर काहीच वाटत नसेल तर?"

एखादी म्हणजे कोण, हे बाईंनी विचारलं नाही. "तिला दुखतं का? मनाविरुद्ध होतं का?"

"नाही. माणूस चांगला आहे."

"मग कुठे हात लावतात, किती वेळ देतात, ते बघावं लागेल. नुसत्या आतल्या संबंधाने बऱ्याच जणींना काही होत नाही. जाणीव सगळ्यांत जास्त आहे इथे," त्यांनी टोकावर बोट ठेवलं, "आणि इथे कोणी जातच नसेल, तर त्या बिचारीला काय वाटणार? त्याला बिघाड म्हणत नाहीत. आधी तिने स्वतःचं स्वतः शोधावं, मग त्याला सांगावं. तरीही अडलंच तर डॉक्टर आहेत."

मी बाईंना शनिवारबद्दल सांगितलं नाही. पण त्या दिवशी मी एकाही नगाला कानस लावली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कच्चा नग आणि मातीचा आकार फडक्यात गुंडाळून घरी नेला. हे बाहेरच्या खोलीत मॅच बघत होते. मी लेकीच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि फडकं पलंगावर सोडलं.

"आई, हे काय आणलंस?"

"माझं काम."

कामावर आलेल्या नव्या मुलीला शिकवते त्या आवाजात मी बोलायला सुरुवात केली. आईच्या आवाजात मला ते जमलंच नसतं. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. चारपाशी आले तेव्हा जीभ अडखळली, पण मी शब्द उच्चारला. आत कुठवर जातो ते मातीवर दाखवलं, कशासाठी असतो ते सांगितलं. बाई बोलल्या होत्या ते सगळं सांगितलं, आणि माझ्या पुटकुळीचीही गोष्ट सांगितली. लेक आधी लाजेने लाल झाली होती, ती पुटकुळीला हसली. मग तिने तो मातीचा आकार हातात घेतला आणि उलटसुलट करून बघत बसली.

"त्याला हे माहीत नसेल?" तिने विचारलं.

"त्याला कुठून माहीत असणार? तुला नव्हतं. मी तर ते रोज हातात घेत होते, मलाही नव्हतं."

"मी वर्षभर नाटक केलं, आई. त्याला वाटायचं सगळं ठीक आहे. तो तरी काय शोधणार होता?" तिने मातीचा आकार फडक्यावर ठेवला. "उद्या आला की मीच बोलते त्याच्याशी. वेगळं व्हायचं असेल तर होऊ. पण हे न बोलता नाही."

"मी आणि बाबा बाहेर फिरायला जाऊ."

"चांगलं लांब जा," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "म्हणजे माझ्यात काही बिघाड नाही."

"नाही."

"आणि तुझ्यात?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. मला वाटायचं, काही जणींना वाटतं, काही जणींना नाही, आपण दुसऱ्यातल्या. काही जणींचे केस लांब असतात तसं. बाहेरून ह्यांनी हाक मारली, काय चाललंय दोघींचं एवढा वेळ.

"माझ्यातही नाही," मी लेकीला म्हणाले.

हे मी मोठ्याने म्हटल्यावरच मला पटलं, आणि मग मला जे रडू आलं ते काही केल्या आवरेना. लेकीने उठून दाराला कडी घातली आणि बाहेर सांगितलं, "बाबा, आईला थोडा वेळ लागेल."