ताऱ्यांच्या रंगापायी

शंतनूचं एक गमतीचं होतं. दिवसा तो बीड बायपासच्या पलीकडच्या माळांवर प्लॉटिंगचे नकाशे काढायचा, कोणत्या रस्त्याला किती खांब आणि कोणत्या खांबावर कसला दिवा हे स्वतः ठरवायचा. आणि रात्री गच्चीवर दुर्बीण लावली की त्याच दिव्यांच्या नावानं बोटं मोडायचा. आर्किटेक्ट माणूस, त्याला कोण काय बोलणार. बायको उमा तेवढी म्हणायची, "पोट दिव्यांवर आणि भांडणही दिव्यांशीच." तो हसून वेळ मारून न्यायचा.

त्या हिवाळ्यात त्याला एका तेजोमेघानं झपाटलं होतं. मृग नक्षत्राच्या शेजारी, नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही अशा जागी वायूचा एक प्रचंड लालसर ढग आहे, फुललेल्या गुलाबासारखा. शहराच्या उजेडात तो टिपायचा तर नॅरोबँड फिल्टर लागतो. तापलेल्या हायड्रोजनमधून जो एक ठरावीक तांबडा प्रकाश येतो तेवढाच हा फिल्टर आत घेतो आणि बाकी सगळ्याला दारातूनच परत पाठवतो. ऑक्सिजनच्या हिरव्या-निळ्या प्रकाशासाठी तसलाच दुसरा. त्यामुळे समोर मॉलची पाटी झगमगत असतानाही शंतनूला गच्चीवरून तेजोमेघ मिळाला, आणि झकास मिळाला. अडलं ते ताऱ्यांपाशी. या फिल्टरांतून ताऱ्यांचे खरे रंग येत नाहीत, सगळे एकजात जांभळट दिसतात. खरे रंग हवे तर ब्रॉडबँड फिल्टर लावावे लागतात, तांबडा, हिरवा आणि निळा, जे प्रकाशाला ऐसपैस आत येऊ देतात. आणि मग आकाशही तसंच काळंकुट्ट लागतं. दुसऱ्या कुणी आहे त्यावर समाधान मानलं असतं. शंतनूला ताऱ्यांचे रंग हवेच होते.

त्याच्या ऑफिसातला विश्वजीत हा देवगाव रंगारी गावाकडचा. "आमच्या रानात चला सर, रात्री स्वतःचा हात दिसत नाही," असं तो कधीचा म्हणत होता. फेब्रुवारीतल्या अमावास्येला शंतनू गाडीत सगळं सामान घालून एकटाच गेला. दुष्काळाचं वर्ष होतं. शहरात नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी येत होतं, आणि वेरूळ सोडल्यावर रस्त्याला टँकरशिवाय दुसरं वाहन दिसेना. विश्वजीतचे वडील तात्यासाहेब यांची मोसंबीची बाग मात्र अजून हिरवी होती आणि फुलावर आली होती. गाडीतून उतरल्या उतरल्या त्या वासानं शंतनूला बरं वाटलं.

पाहुणचारात काही कमी नव्हतं. विश्वजीतच्या आई आशाबाई यांनी भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची आमटी असं पोटभर वाढलं, आणि पाहुण्यांना उजेड चालत नाही म्हटल्यावर अंगणातला, गोठ्यातला, पडवीतला दिवा एकेक करून विझवला. बागेत राखणीला आणि पाणी द्यायला पुंडलिक नावाचा सालगडी होता, तिशीतला, कमी बोलणारा. त्याला शंतनूनं बजावून सांगितलं, "रात्री इकडं बॅटरी मारू नका. मी विहिरीपलीकडं मुरमाडावर असेन. तिकडं यायचंही नाही, पायाच्या धक्क्यानं फोटो बिघडतो." पुंडलिक म्हणाला, "नाय येत साहेब."

विहिरीजवळच्या खांबावर एक बल्ब होता. त्या वेळी तो बंदच होता, कारण शेताच्या लाइनीला वीज नव्हती. पण मध्येच वीज आली आणि हा पेटला तर? शंतनूनं दगडावर चढून बल्ब अर्धा आटा सैल करून ठेवला. विचारायला हवं होतं, हे त्याला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. विहिरीवर रात्री दिवा हवा कुणाला, असा शहरी हिशेब. पहाटे सामान आवरताना त्यानं आठवणीनं बल्ब पुन्हा घट्ट बसवला. फोटो अप्रतिम आले होते. ताऱ्यांमध्ये निळे होते, पिवळे होते, एक तर चक्क शेंदरी होता.

सकाळी तो पडवीत चहा घेत असताना अंगणात आवाज चढले. रात्री वीज आली होती. शेजारच्या रानातल्या मोटारी दोन-अडीच तास चालल्या होत्या, आणि तात्यासाहेबांची मोटार तेवढी बंद होती.

"झोपला व्हतास का रं?" तात्यासाहेब विचारत होते.

"नाय तात्यासाहेब. जागाच व्हतो. दिवा लागलाच नाय."

"बल्ब तर घट्ट हाय, आत्ताच बघून आलो मी."

तेव्हा कुठं शंतनूला त्या बल्बचा अर्थ कळला. शेताला वीज कधी येईल याचा नेम नव्हता. विहिरीत पाणी कमी, म्हणून मोटार आपोआप चालू करायचं यंत्र काढून ठेवलेलं. नाहीतर ती कोरडी फिरून जळली असती. शेजारच्या मोटारी पाण्यात बुडवलेल्या, त्यांचा आवाज लांबवर येत नसे, म्हणून वीज आल्याची खूण म्हणजे तो खांबावरचा बल्ब. एरवी पुंडलिक घटके-घटकेनं बॅटरी घेऊन विहिरीवर चक्कर मारायचा, पण त्या रात्री पाहुण्यांनीच मनाई केली होती. म्हणून तो गोठ्यापाशी बसून रात्रभर त्या बल्बकडे बघत राहिला होता. शिवाय विहीर तिघा भावांत, पाणी घ्यायच्या पाळ्या ठरलेल्या. चुकलेली पाळी परत मिळत नसे. आता पुढची आठवड्यानं.

पुंडलिकनं पडवीकडे बोट केलं. "साहेब जागे व्हते की. साहेबांना इचारा, लागला का दिवा."

सगळे शंतनूकडे बघू लागले. कप हातात होता. एवढंच म्हणायचं होतं की बल्ब मी सैल केला होता. त्यात फार तर काय झालं असतं? तात्यासाहेब भले माणूस, कपाळाला हात लावून गप्प बसले असते. पण रात्री यांचंच जेवलेलं, यांनीच आपल्यासाठी घर अंधारात ठेवलेलं, आणि आपण यांचंच पाणी घालवलं, हे तोंडातून निघेना. त्याला लाज वाटली, आणि त्या लाजेनंच त्याच्याकडून त्याहून लाजिरवाणं काम करून घेतलं.

"माझं लक्ष कॅमेऱ्यात होतं," तो म्हणाला.

तसं बघितलं तर खोटं काहीच नव्हतं. सोयीचं तेवढं त्यानं बाहेर सोडलं आणि बाकीचं अडवून धरलं. त्या कामाचा सराव त्याला होताच. पुंडलिकनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. बॅटरी मारू नको असं साहेबांनीच सांगितलं होतं, हेदेखील तो बोलला नाही. पाहुण्याला मध्ये कशाला ओढायचं, असं त्याला वाटलं असावं.

घरी जाऊन फोन करू, असं शंतनूनं गाडीत ठरवलं. घरी गेल्यावर ठरवलं की उद्या करू. मग गच्चीवरचे आणि रानातले फोटो एकत्र बसवायचं काम निघालं, त्यात पंधरवडा गेला. चित्र इतकं सुरेख झालं की उमानं ते दिवाणखान्यात लावायला काढलं. शंतनू नको म्हणाला. का ते त्याला सांगता आलं नाही. त्या चित्रातला शेंदरी तारा दिसला की तो नजर दुसरीकडे वळवायचा.

मे महिन्यात विश्वजीत म्हणाला, "तात्यांना तुमचा फोटो पाहिजे, सर. आमच्या रानातून काढलेला म्हणून बैठकीत लावायचाय." आता सांगून मोकळं व्हायचं, असा निश्चय करून शंतनू फ्रेम घेऊन देवगावला गेला.

बाग नव्हती. म्हणजे झाडं उभी होती, पण पानं नव्हती. एका बाजूची तोडून रचून ठेवलेली. तात्यासाहेब फ्रेम मांडीवर घेऊन कौतुकानं बघत राहिले. "त्या पाळीला पाणी हुकलं, फुलगळ झाली. पुढच्या पाळीपतुर विहिरीनं तळ गाठला," ते म्हणाले. "टँकरवर किती जगवणार? एका पाळीनं काय झालं असतं, नसतं, देवाला ठाऊक. बागंचं एवढं नाय, शंतनूराव. वाईट पुंडलिकचं वाटतं. पाडव्याला त्याचं साल संपलं, ते मी पुढं धरलं नाय."

"काढून टाकलंत?"

"लई वर्षांचा गडी व्हता. पण तुम्ही गेल्यावर त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेतली, की मी झोपलो नाय म्हणून. मी म्हटलं आसंल बाबा खरं. तर महिन्यानं पोरगी तापानं फणफणली. शहरात घाटीच्या दवाखान्यात न्यावी लागली. मंग त्याच्या बायकोनं डोकं खाऊन खाऊन त्याला कबूल करायला लावलं. आला माझ्याकडं, म्हणला, तात्यासाहेब, डोळा लागला आसंल माझा. आता लेकराची खोटी शपथ घेणारा माणूस कसा ठिवायचा दारात?"

आशाबाई सरबत घेऊन आल्या. शंतनूनं पेला हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. पुंडलिक कुठं आहे, एवढंच त्यानं विचारलं. शेंद्र्याला, एका गोदामाच्या बांधकामावर, असं कळलं. तो तसाच उठला. तात्यासाहेब आपल्या हातानं भिंतीवर खिळा ठोकत होते, त्याचा आवाज गाडीपर्यंत ऐकू येत होता.

शेंद्र्यापर्यंतच्या वाटेत त्यानं स्वतःला काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आकाशातल्या धुळीचा रंग चुकू नये म्हणून जिवाचं रान करणारा माणूस, समोरच्या माणसाची अब्रू जाताना कपातला चहा पीत बसला होता. खांबांचे नकाशे काढणाऱ्याला खांबावरच्या एका बल्बचा अर्थ कळला नव्हता, आणि कळल्यावर तो गप्प राहिला होता. पहिल्याला चूक म्हणता येईल. दुसऱ्याला काय म्हणायचं?

बांधकामाच्या मागं पत्र्याच्या खोल्या होत्या. पुंडलिक विटांना पाणी मारत होता. वाळला होता. शंतनूला ओळखून त्यानं पाइप खाली ठेवला.

"राखणदारी का नाही धरली? ती तर तुम्हाला सवयीची," शंतनूनं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"रातपाळी नको म्हटलं म्या. मला झोप लागती, साहेब."

शंतनू तिथंच विटांच्या थप्पीवर बसला आणि एका दमात बोलून गेला. बल्ब मी सैल केला होता. पहाटे मीच घट्ट केला. सकाळी तुम्ही मला विचारलंत तेव्हा मला सगळं कळलं होतं, तरी मी बोललो नाही. तुम्ही झोपला नव्हता.

शिव्या येतील, हात उठेल, असं शंतनूला वाटलं. खरं तर तसं व्हावं असंच वाटलं. पुंडलिक हळूच म्हणाला, "रोज इचार करायचो. कवा लागला आसंल डोळा? कोंबडा आरवला तेबी मला याद हाय, साहेब. तरीबी वाटायचं, आसंल लागला. समदे म्हणतात तर आसंल."

"मी तात्यासाहेबांना आत्ता जाऊन सांगतो."

"त्यांना सांगा मागून. आधी पारूला सांगा." तो खोलीकडे वळला. "पारू, भायेर ये. सरूला घिऊन ये."

पारूबाई पदर खोचत बाहेर आली. तिच्या मागं चार-पाच वर्षांची मुलगी होती, तापानंतर केस उतरवलेली, डोक्यावर आता बारीक खुंट आलेले. शंतनूनं पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते जास्त जड गेलं, कारण पारूबाई ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत चालला होता.

"पोरीच्या डोक्यावर हात ठिवून सांगा," ती म्हणाली.

शंतनूनं सरूच्या डोक्यावर हात ठेवला. "बल्ब मी सैल केला होता. हे झोपले नव्हते," तो म्हणाला. मुलगी अनोळखी माणसाकडे टुकूटुकू बघत शांत उभी राहिली.

"तवाच का नाय बोलला?" पारूबाईनं विचारलं. उत्तराची वाट न बघता ती नवऱ्याकडे वळली. "म्याच तुमचा हात लागू दिला नाय तिला. दोन महिनं," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली.

पुंडलिकनं ओला हात सदऱ्याला पुसला, पुन्हा एकदा पुसला, आणि वाकून लेकीच्या डोक्याकडे नेला. सरू शिकवल्याप्रमाणे झटकन मागं सरली आणि आईच्या लुगड्याआड गेली.