माझ्या पोटात एकही वॉन नाही

जुनी झाले मी, मित्रांनो. आता खरं बोलायला कुणाच्या बापाची भीती नाही. मी एक चावी आहे. दात नसलेली, बोटभर लांब, दोन बटणांची आणि नखाएवढ्या पडद्याची. दुकानात मला 'वॉलेट' म्हणून विकलं, म्हणजे पाकीट. इथूनच फसवणूक सुरू होते. माझ्या पोटात एकही वॉन, म्हणजे कोरियन रुपया, नाही, कधीच नव्हता.

पैसे असतात वहीत. त्या वहीला ब्लॉकचेन म्हणतात. ती कुठल्या साहेबाच्या कपाटात नसते. जगभरच्या हजारो संगणकांवर तिची तीच नक्कल असते, आणि एकाने लबाडी करून पान बदललं तर बाकीचे ते मानत नाहीत. त्या वहीत 'माझे इतके त्याला दे' असं लिहायचं झालं, तर मालकाची सही लागते. ती सही मी करते. काय लिहिलं जाणार आहे ते आधी पडद्यावर दाखवते, मालकाने बटण दाबलं की सही ठोकते. दाबल्यावर खुद्द देव आला तरी ते खोडता येत नाही.

कारखान्यातला माझा जन्म सांगण्यासारखा नाही. पट्ट्यावरून सरकले, डबीत बसले. खरा जन्म झाला दक्षिण कोरियातल्या तोंगयोंगच्या बंदरात, बोंगिमच्या स्वयंपाकघरात. डबीची चिकटपट्टी कुणी आधी उचकटली नाही ना, हे तिने उजेडात धरून पाहिलं आणि मगच मला बाहेर काढलं. बाई साठी ओलांडलेली. अर्ध्याहून जास्त आयुष्य कालवं फोडण्यात गेलेलं. शिंपल्यांनी तिच्या बोटांचे ठसे केव्हाच खाऊन टाकले होते, त्यामुळे फोन तिला ओळखत नसे. ती फोनवर खेकसायची, "मेल्या, दिवसभर तुला पदरी बाळगते आणि तू मला परकी समजतोस?" मला ठसे लागत नाहीत. मला पिन लागतो आणि दाबणारा अंगठा. आमचं तिथेच जमलं.

बोंगिमने मला हौसेखातर आणलं नव्हतं. कालवांच्या शेडमधल्या बायकांची भिशी होती. आधीची भिशीवाली सगळी रक्कम घेऊन पळाली होती. एकीच्या मुलीचं लग्न मोडलं, एकीने अंथरूण धरलं. बोंगिमने त्या दिवशी ठरवलं, ज्यात कुणी पळूच शकणार नाही अशी भिशी करायची. नगरपालिकेच्या म्हाताऱ्यांसाठीच्या फुकट वर्गात जाऊन ती फोन शिकली, मग ही वही शिकली. हसणाऱ्यांना हसू दिलं.

त्यात शेडचा मालक प्यो म्हणाला, "हंगाम सुरू व्हायच्या आत अनामत ठेवा आणि शेड तुम्हीच चालवायला घ्या. नाहीतर कॅफेवाला तयार बसलाय. समुद्र बघत कॉफी पिणारे खूप आहेत, कालवं फोडणाऱ्या किती उरल्यात?" शेड गेली की त्या बायकांचं काम जाणार होतं. त्या वयात त्यांना दुसरीकडे उभंही कुणी केलं नसतं. भिशीतले पैसे म्हणजेच ती अनामत. म्हणून त्यांना हात लागता कामा नये.

पहिल्या दिवशी मी बोंगिमला शब्दांची एक ओळ दिली. साधे कोरियन शब्द, ठरलेल्या क्रमाने. मी हरवले, फुटले, तर नव्या चावीत तेच शब्द घातले की तीच सही परत उगवते. म्हणजे खरी मालकी त्या शब्दांची, माझी नाही. ते तिने पेन्सिलने कागदावर उतरवले आणि कागद आंबवलेल्या सोयाबीनच्या रांजणाखाली सरकवला. फोटो काढला नाही. पोटच्या मुलीला सांगितले नाहीत. मदत करतो म्हणणाऱ्याने ते शब्द मागितले तर तो चोर असतो. 'पण' नाही, 'कदाचित' नाही. चोर.

मग तिने वहीतल्या आपल्या खात्यावर अगदी थोडे पैसे पाठवून पाहिले, एक वाटी गरम सूप-भाताच्या किमतीचे. आले. ते पुढे सरकवायला गेली तर हलेनात. वहीत प्रत्येक ओळ लिहायची मजुरी असते आणि ती त्या वहीच्याच नाण्यात द्यावी लागते. ते नाणं तिच्याकडे नव्हतं. शेडमधली सगळ्यात तरुण बाई जोमी खिदळली, "म्हणजे ताई, बसमध्ये चढलीस आणि सुटे नाहीत!" बोंगिमही हसली. मजुरीपुरती नाणी घेतली आणि पुन्हा बसली. तिने कधी 'जमत नाही' म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मग भिशीचे पैसे डॉलरशी बांधलेल्या नाण्यात ठेवले, म्हणजे किंमत रोज उड्या मारत नाही. ते नाणं एका तळ्यात ओतलं. तळं म्हणजे उसनवारीची जागा. बँक नाही, साहेब नाही. आधीच लिहून ठेवलेले नियम आपोआप चालतात. ज्याला उसने हवेत, तो उसन्यापेक्षा जास्त मोलाचं काहीतरी तारण ठेवतो. तारणाची किंमत घसरली की नियम ते विकून टाकतो, रडण्याकडे बघत नाही. उसने घेणारा व्याज भरतो, त्यातला वाटा तुम्हाला. यालाच डिफाय म्हणतात. मोठं नाव, साधी गोष्ट. धोका नाही असं सांगणाऱ्याचं थोबाड फोडा. बांधलेलं नाणंही कधी सुटतं, नियम लिहिणाऱ्याची एक चूक तळ्याला भोक पाडते. म्हणून बोंगिमने जुनं, खूप जणांनी तपासलेलं, कमी व्याजाचं तळं निवडलं.

भिशीचे पैसे एकटीच्या नावाने नव्हते. वहीतच एक सामाईक पेटी केली होती. तिला चाव्या तीन. एक मी बोंगिमकडे, एक जोमीकडे, एक माल्दोककडे. कुठल्याही दोन सह्या झाल्याशिवाय पेटी हलायची नाही.

माल्दोक भिशीची म्होरकी होती. आवाजाने मोठी, मनाने त्याहून. जोमीचा नवरा इस्पितळात होता तेव्हा रोज पेज करून हिने पोचवली. बायकांचे नावाचे शिक्के तिच्या कमरेच्या पिशवीत असत. आमच्याकडे कागदावर सही नव्हे, शिक्का मारतात, आणि भिशीच्या म्होरकीकडे शिक्का देऊन टाकायची रीतच आहे. फेरी वाचते, तिचा मानही राहतो. त्याच रीतीने जोमीने आपली चावी माल्दोकला दिली. पिन दिला. शब्दांचा कागदही दिला. विचारच केला नाही.

म्हणजे तीन चाव्यांतल्या दोन एकाच कमरेला. झाली ना पेटी एकीच्या मालकीची? कुणी कुलूप तोडलं नाही. प्रेमाने उघडून दिलं.

बोंगिमकडे माल्दोकने हात पसरला. "आण तुझीही."

"नाही देत."

"आं? मी काय पळून जाणारेय?"

"तू नाही पळणार ताई. पण उद्या पैसे गेले तर लोक तुलाच चोर म्हणतील. तुझ्यावर विश्वास आहे, म्हणूनच देत नाही."

"बघा गं! विश्वास आहे म्हणून देत नाही म्हणे! मग नवऱ्याला जेवायला पण याच हिशेबाने वाढत होतीस का?"

शेड खदखदून हसली. पण बायका रुसल्या. बोंगिमची जागा शेगडीजवळून हलली आणि दारातल्या वाऱ्यात गेली. कुणी 'जा' म्हणालं नाही, नुसत्या टोपल्या सरकल्या. ती वाऱ्यात बसून कालवं फोडत राहिली. मी तिच्या आतल्या खिशात होते.

मग एक दिवस जेवायच्या सुट्टीत माल्दोक फोन नाचवत आली. "हे बघा नवीन तळं! आपल्या त्या थंडगार तळ्यापेक्षा किती तरी पट व्याज. एक मार्गदर्शक आहेत, रोज सकाळी फोनवरच्या गटात आम्हा सगळ्यांना फुलांचे फोटो पाठवतात. काय गोड माणूस! पेटी इकडे वळवते. अनामत भरून वर सगळ्यांना नवे बूट."

तिने दोन्ही चाव्या पिशवीतून काढल्या. एक फोनला जोडली. पडद्यावर अक्षरं उमटली. माल्दोकने पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, अंगठा मात्र बटणावर.

बोंगिम उठली. ओल्या हातमोज्यानेच तिचं मनगट धरलं. "ताई, थांब. वाच ते."

"मला दिसत नाही बारीक."

"मी वाचते. 'परवानगी. किती: अमर्याद.' ताई, यात पैसे ठेवतो असं नाही लिहिलेलं. त्याला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढे घेऊ देतो, असं लिहिलंय."

मित्रांनो, हे नीट डोक्यात घ्या. कुठल्याही तळ्यात नाणं टाकण्याआधी ते तळं तुमच्याकडे परवानगी मागतं. चांगल्या तळ्याला हवी तेवढीच देता येते. चोराला मर्यादा नको असते. परवानगी दिली की तो तुमचा पिन मागत नाही, शब्द मागत नाही. उघड्या दाराने आत येतो.

"फार शहाणी झालीस! आम्ही अडाणी!" माल्दोक ओरडली.

"मीही सहावीच शिकलेय. वाचते, एवढंच." बोंगिम वळली. "जोमी, तुझी चावी मागून घे."

जोमीने खाली बघितलं. पेज आणून देणाऱ्या बाईकडे कसं मागायचं? मग ती पुटपुटली, "ताई... माझी द्या."

"घे!" माल्दोकने चावी भिरकावली. ती खाऱ्या पाण्याच्या हौदात पडली. माझी ती बहीण तिथेच मेली. माल्दोक म्हणाली, "मी माझ्या पैशाने दाखवते. मग या पाया पडायला!"

तिने स्वतःच्या खात्यातून परवानगी दिली. आठवडाभर फोनवर आकडा फुगताना सगळ्यांना दाखवला. मग एका सकाळी खातं कोरडं, मार्गदर्शक गायब, फुलं बंद. माल्दोक शेडमध्ये यायची थांबली.

आणि अनामतीचा दिवस उद्यावर आला. जोमीची चावी मेलेली, तिचे शब्द माल्दोकच्या घरात. माझी एकटीची सही पुरेना. प्यो मालक कॅफेवाल्याला शेड दाखवून गेला. कॅफेवाल्याने नाकाला रुमाल लावला होता.

बोंगिम माल्दोकच्या दाराशी गेली. दार बंद.

"कोण?"

"दारात बसणारी."

"मी मेले म्हण सगळ्यांना."

"खुशाल मर. आधी सही कर."

आत पावलं दारापाशी आली. मग, "हसायला आलीस?"

"उद्या अनामत आहे. तुझ्याशिवाय पेटी उघडत नाही."

"दुसरी म्होरकी बघा. मी तोंड दाखवू कुठल्या तोंडाने?"

"तुझे गेले, सगळ्यांना माहीत आहे. भिशीचा पैसा जागच्या जागी आहे, तेही माहीत आहे. ताई, त्या हरामखोराने तुझे पैसे नेले. आमची शेडही नेऊ देणार आहेस का त्याला?"

कडी निघाली. माल्दोकचं तोंड सुजलेलं होतं. बोंगिमने सांत्वन केलं नाही, आधी तिच्याकडून ती अमर्याद परवानगी रद्द करवून घेतली. परवानगी मागे घेता येते, मित्रांनो. गेलेले पैसे येत नाहीत. मग जोमीच्या शब्दांचा कागद घेतला आणि जोमीच्याच हातात दिला.

सह्या शेडमध्येच झाल्या, सगळ्यांसमोर, भर उजेडात. हातमोज्यांतून पाणी गळणाऱ्या बायका गोल करून उभ्या. आधी तळ्यातले पैसे पेटीत परत घेतले. ते वॉन करून देणाऱ्या बाजाराचा वहीतला पत्ता जोमीने कागदावर धरला होता. माल्दोकने आपल्या चावीचा पडदा डोळ्यांपाशी नेला आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. जोमी प्रत्येक अक्षर कागदाशी ताडून 'हं' म्हणत होती. आधी थोडे पाठवले. पोचले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मध्येच माल्दोक थांबली, नाक पुसलं आणि तिथूनच पुढे वाचू लागली. कुणी घाई केली नाही. तिने बटण दाबलं. मग बोंगिमने माझं.

प्यो मालकाने पैसे मिळाल्याचं बघून भुवया उडवल्या. "बायकांनो, हे जमवलंत कसं?"

"वाचून," जोमी म्हणाली.

शेड त्या बायकांच्या ताब्यात आली. बोंगिम अजून दारातच बसते. तिथून म्हणे उजेड चांगला येतो.

माझी बटणं आता मिठाने चिकटली आहेत, पडद्यावरची अर्धी अक्षरं उडाली. तिने नवी चावी आणली, रांजणाखालचे शब्द तिच्यात घातले, आणि मला खणात टाकलं. माझ्यासारख्या जुन्या वस्तू अशा वेळी गळा काढतात, आम्हाला जपा म्हणतात. मी नाही म्हणणार. मला पुसून कोरी करा आणि शिंपल्यांच्या ढिगाऱ्यावर फेका. मी मेले तर काहीच बुडत नाही.

जपायचाच तर तुमचा अंगठा जपा. आईला देऊ नका, साहेबाला देऊ नका, फुलं पाठवणाऱ्या गोड माणसाला तर मुळीच देऊ नका. समोर काय लिहिलंय ते वाचा. बारीक दिसत असेल तर शेजारणीला बोलवा, मोठ्याने वाचा, लाज सोडा. समजलं नाही तर दाबू नका. जग खोळंबलं तर खोळंबू दे.