गौरीच्या शिंगांची हळद

गंगावेशीतल्या शिवकुमार गवळ्याच्या गोठ्यात सात म्हशी होत्या आणि सातही जणींच्या खोडी त्याच्या लेकीला, शांभवीला, तोंडपाठ होत्या. शांभवी नववीत होती. शाळा सुटली की ती गल्लीच्या टोकाला आण्णांकडे जायची. आण्णा आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेले. पुढच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर मांडून ते गल्लीतल्या पोरांना प्रोग्रॅम लिहायला शिकवायचे. फी विचारली की म्हणायचे, "तांब्याभर ताक आण, झालं."

शिवकुमारला, म्हणजे शांभवीच्या आप्पाला, हे पसंत नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर त्यानं बजावलं, "पाडव्याच्या आदल्या दिशी मी येऊन बघणार हाय. कायतरी धड दाखव, न्हायतर तो डबा बंद. कट्ट्यावर गिऱ्हाइकास्नी दूध घालायला आज्जीला हात लाव."

पाडव्याला कोल्हापुरात म्हशींचा थाट असतो. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची आणि मालकानं मोटरसायकल उडवत पुढं पळायचं, मागनं म्हैस. शांभवीनं ठरवलं, आपल्या साती जणींना पडद्यावर उभं करायचं.

गवळ्यांच्या घरी शिंगांचा रंग सगळ्या म्हशींना एकच, केशरी. शिवकुमार एका बादलीत रंग कालवायचा आणि ओळीनं सगळ्यांना फासत जायचा. फक्त नुकतीच व्यालेली म्हैस घरीच ठेवायची आणि तिच्या शिंगांना नुसती हळद लावायची, अशी आज्जीची रीत होती. यंदा गौरी व्याली होती.

शांभवीनं आधी साचा लिहिला. कॉम्प्युटरवाले त्याला क्लास म्हणतात. साच्याचं नाव ठेवलं म्हैस. त्यात लिहिलं: पाय चार, शिंगं केशरी. मग त्या साच्यातून एकेक म्हैस काढली आणि जिचं तिचं तिच्यापाशी लिहिलं. चंद्रीच्या कपाळावर ठिपका, तुळशीचं एक शिंग वाकडं. साती जणी केशरी शिंगं मिरवत पडद्यावर उभ्या राहिल्या.

राहिली गौरीची हळद. घरात रंग बदलायचा तर बादलीतच बदलायचा, ही सवय अंगात मुरलेली. शांभवी साच्यात गेली, केशरीच्या जागी हळदी लिहिलं आणि बटण दाबलं.

साती जणी पिवळ्या झाल्या.

तिनं पुन्हा केशरी लिहिलं. गौरीसकट सगळ्या केशरी.

"आण्णा, ह्याला येड लागलंय!"

"त्याला कशाला लागंल? तू सांगितलंस तेवढंच त्यानं केलं."

"उद्या आप्पा येणार हायत!"

आण्णांनी खुर्ची जवळ ओढली, पण हात मांडीवरच ठेवले. पोरांच्या कीबोर्डाला त्यांनी कधी हात लावला नाही. म्हणूनच त्यांच्याकडे चुकायची कुणाला भीती वाटत नसे.

"आज्जी हळद कुठं लावती गं?"

"गौरीच्या शिंगाला."

"आप्पाच्या बादलीत न्हाई टाकत?"

शांभवी खुदकन हसली. "बादलीत टाकली तर सगळ्यास्नी लागंल की…" बोलता बोलता तिचं हसू थांबलं. तिनं पडद्याकडं बघितलं. साच्यातला केशरी तसाच ठेवून तिनं खाली गौरीच्या नावापुढं लिहिलं: शिंगं हळदी.

गौरी एकटी पिवळी झाली.

"आता ऐक," आण्णा म्हणाले. "एखादीच्या शिंगांचा रंग विचारला की हा आधी तिच्यापाशी शोधतो. तिच्याकडं स्वतःचा असला तर तोच सांगतो. नसला तर साच्याकडं जातो."

"म्हंजे बाकीच्यांच्यापाशी केशरी न्हाईच?"

"न्हाई. त्या साच्याला विचारतात."

"अन् पाय?"

"पाय पण. सगळ्यांचे चारच, ते दर म्हशीपाशी कशाला लिहायचे?"

शांभवी बघतच राहिली. ज्या कुणी हे शोधलं असेल त्याच्या डोक्याचं तिला भारी नवल वाटलं. सगळ्यांचं एका जागी ठेवलं आणि तरी एकटीला तिचं वेगळं ठेवायची मुभा!

दुसऱ्या दिवशी शिवकुमार आला. शेणाचे पाय बाहेर धुऊन, अवघडत आत टेकला.

"आयला, चंद्री! ठिपका बी हाय की! अन् ही गौरी." मग तो मिश्कील हसला. "पण यंदा केशरी न्हाई. मी हिरवा आणलाय. आता बस एकेकीची शिंगं पुसत."

 शांभवीनं आण्णांकडं पाहिलं. आण्णा खिडकीबाहेर बघत होते. मग ती साच्यात गेली, केशरी खोडून हिरवा लिहिलं आणि बटण दाबलं.

सहा जणी एकदम हिरव्या झाल्या. गौरी पिवळीच राहिली.

शिवकुमार पडद्याला नाक लागेल इतका वाकला. "हिला कुणी सांगितलं थांबायला?"

"कुणी न्हाई, आप्पा. तिची हळद तिच्यापाशी लिवलीया. तुमची बादली तिच्यापातूर जातच न्हाई."

शिवकुमार सरळ झाला. मग आण्णांकडं वळला. "उद्याच्याला हिला म्हशी रंगवायला द्या, आण्णा. परवापास्नं हाय तुमच्याकडंच. कट्ट्यावर मी बघतो."

शांभवीनं खाली मान घालून हसू लपवलं.

"अन् ती शेजारच्या जोतीरामाची म्हैस बी घाल की ह्यात," उठता उठता तो म्हणाला. "जांभळी शिंगं करतोय, लई मिरवतोय गडी."

"घालती. पण आप्पा, जांभळा कुठं लिवू?"

"तिच्यापाशी लिही," शिवकुमार दारातून म्हणाला. "साच्यात न्हाई हां. न्हायतर आमच्या समद्या जांभळ्या करून ठेवशील."