पाचपैकी तीन

सपाट देशात बसून डोंगराच्या गप्पा मारू नयेत, असं माझे मोठे दीर जयप्रकाश भाऊजी मला कायम ऐकवतात. मी एनस्खेडे या डच शहरातल्या विद्यापीठात नॉर्वेच्या किनाऱ्यालगतच्या डोंगरांवरचा बर्फ अभ्यासते. कुठला उतार कधी कोसळू शकतो, हे सांगणं माझं काम. घरच्यांच्या लेखी मात्र मी अजून अभिजितच्या व्हिसावर आलेली बायकोच.

मार्चमध्ये आम्ही भाऊजींच्या डीमनच्या फ्लॅटमध्ये जमलो होतो. दुसऱ्या दिवशी भाऊजी, अभिजित आणि आमची एकोणीस वर्षांची जुई स्कीइंगसाठी नॉर्वेला निघणार होते. भाऊजींनी फोनवर तिथला हिमस्खलनाचा इशारा उघडला.

"धोका पाचपैकी तीन. साठ टक्के. फर्स्ट क्लास की."

सगळे हसले. माझं डोकं फिरलं.

"भाऊजी, हे मार्क धोक्याला मिळालेत, तुम्हाला नाही. पाच असलं की कुणी घराबाहेर पडत नाही. तीनला तुमच्यासारखे जातात, म्हणून तीनलाच जास्त माणसं मरतात."

"अगं, उद्या लख्ख ऊन आहे."

"परवा पाऊस पडून गोठलाय. त्यावर समुद्रावरच्या वाऱ्याने नवा बर्फ आणून थापलाय, नेमका तुमच्या उतारावर. तूप लावलेल्या पोळीवर पोळी ठेवा आणि ताट तिरकं करून बघा."

"पद्मजा, एनस्खेडेत एक तरी डोंगर आहे का?"

"नाही. पण एनस्खेडे समुद्रसपाटीच्या वर आहे, तुमचं डीमन खाली. ते बुडत नाही, कारण कुणीतरी रोज पाण्यावर नजर ठेवतं आणि सगळे त्याचं ऐकतात. बर्फाचं ऐकायला काय होतं?"

"जाऊ दे ना," अभिजित पुटपुटला.

जाऊ देणं हेच तर मला जमणार नव्हतं. जुईचे स्कीचे बूट मी उचलले आणि मांडीवर घेऊन बसले. मी लहान नाही, असं ती डचमध्ये ओरडली. लहान असतीस तर बूट नाही, तुलाच उचललं असतं, असं मी मराठीत सांगितलं. ती घरीच राहिली, पण माझ्याशी बोलेना. अभिजितला मोठ्या भावापुढे नाही म्हणता आलं नाही. तो गेला.

तो आठवडाभर मी ऑफिसच्या स्क्रीनवर तोच उतार बघत होते. आपला अंदाज खोटा ठरावा म्हणून आयुष्यात पहिल्यांदा देवाला हात जोडले.

सगळे धडधाकट परत आले. पुन्हा डीमन, पुन्हा तेच टेबल. भाऊजींनी अभिजितने काढलेला फोटो पुढे सरकवला. ऊन, निळं आकाश, हसणारे भाऊजी.

"बघ. काही झालं नाही. चुकलीस तू."

जुईने फोन ओढून घेतला आणि फोटो मोठा केला. भाऊजींच्या खांद्यामागे, शेजारच्याच उतारावर, सुरीने कापावी तशी सरळ रेघ होती. रेघेखालचा बर्फ सगळा दरीत गेला होता.

"हे नवीन आहे?" तिने मला विचारलं. किती दिवसांनी बोलली होती.

"नवीनच."

"तो शेजारचा," भाऊजी म्हणाले. "आमचा नाही ना तुटला?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात डचशिवाय दुसरं काही न बोलणारी जुई सावकाश मराठीत म्हणाली, "काका, तुमचा तुटला असता, तर हा फोटो कुणी दाखवला असता?"

अभिजितने मान खाली घातली. पोरगी आईवर गेली, असं भाऊजी म्हणाले. त्यांनी नावं ठेवली होती. मी ते मार्कांसारखं घेतलं, पाचपैकी पाच.